उजनीतल्या लाँचचं पॉलिश

मी सोलापुरात राहून बोटीचं काम करायचो असं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो. मग हळूच विचारतो, "सोलापुरात बोट कुठली?" प्रश्न बरोबर आहे. इथं नळाला पाणी चार दिवसांनी येतं आणि हा बोटीच्या गोष्टी सांगतोय, असं त्याला वाटत असणार. पण जिल्ह्याच्या वरच्या अंगाला उजनी धरणाचं पाणी आहे. या काठावरनं त्या काठाला माणसं, मोटारसायकली, शेरडं घेऊन लाँच चालतात. हिवाळा सरत आला की रोहित पक्षी येतात आणि ते बघायला पाहुणे येतात. त्यातल्या एका लाँचचं ॲल्युमिनियम मी अकरा वर्षं सांभाळलं.

या अंकाच्या संपादकांनी मला कामाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा मी भांड्यांबद्दल लिहीन असं त्यांना वाटलं असेल. माझं पोट भांड्यांवरच चाललं. शुक्रवार पेठेत माझा एक लहान गाळा होता. आत दोन मोटारी, प्रत्येकीच्या दांड्याला कापडी चाक. त्या चाकाला बफ म्हणतात. पातेली, परात, डबे, ट्रकच्या चाकाच्या टोप्या, डॉक्टर-वकिलांच्या पाट्या, जे येईल ते मी त्या चाकावर धरायचो. पण भांड्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. भांडं येतं, चकाकतं आणि जातं. पुढं त्याचं काय झालं ते कळत नाही. लाँचचं तसं नव्हतं. आपण केलेलं काम वर्षभरानं आपल्याच डोळ्यांनी बघावं लागायचं.

धंदा थोडक्यात सांगतो. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावणं, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर पॉलिश म्हणजे घासून काढणं. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक पेपरानं आधीच्या पेपराचे ओरखडे काढायचे. शेवटी फिरत्या बफला साबणाची वडी टेकवायची आणि त्यावर वस्तू धरायची. हा साबण अंगाचा नव्हे. चरबी किंवा मेणात बारीक दगडाची पूड घालून केलेली ती वडी असते. ॲल्युमिनियम पांढरं, पण त्याची घाण काळी निघते. संध्याकाळी घराकडं जाणाऱ्या कुंभारीच्या बसमध्ये बसलो की माझ्या शेजारची जागा मोकळी राहायची. बायकोनं माझ्यासाठी बादली वेगळी ठेवली होती, टॉवेल वेगळा होता, आणि पहिली काही वर्षं उशीसुद्धा वेगळी होती.

लाँचचं सामान घेऊन पहिल्यांदा आला तो लाँच चालवणारा खंडू. तिशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. खांद्यावर पोतं होतं. ते त्यानं गाळ्याच्या उंबऱ्यावर उतरवलं.

"हे बोटीचं हाय," तो म्हणाला. "आक्कानं दिलंय. आरशावानी करा म्हनली."

पोत्यात दोर अडकवायची चार शिंगं होती, खिडक्यांच्या गोल चौकटी होत्या आणि शिडीचे दोन हात होते. सगळं काळवंडलेलं, मध्येच पांढरे चट्टे, चट्ट्याखाली सुईनं टोचल्यासारखे खड्डे. या आक्कांनी, म्हणजे लाँचच्या मालकिणीनं, ती कोकणातून जुनी विकत घेतली होती. खाऱ्या हवेत राहिलेलं ॲल्युमिनियम मी तोवर पाहिलं नव्हतं. पण धातू ओळखीचा होता, आणि आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचं माझं वय होतं.

पातेल्याचं करतो तसंच केलं. कॉस्टिकच्या पाण्यात बुडवलं, धुतलं, पेपर मारला, बफवर धरलं. उत्तम चकाकी आली. ती टिकावी म्हणून वरून पारदर्शक लॅकर फवारलं, पितळी समयांना मारतात तसं.

आठवड्यानं आक्का स्वतः आल्या. त्यांचं नाव शकुंतला, पण त्या सगळ्या काठाच्या आक्का होत्या. वय माझ्याएवढंच, नऊवारी, पायात पुरुषी चप्पल. नवरा वारल्यावर दिराबरोबर राहिलेली शेती पिकवण्यापेक्षा त्यांनी आपला वाटा विकून लाँच घेतली होती. गावातल्या लोकांनी नावं ठेवली, आणि नंतर तेच लोक त्या लाँचमधून बाजाराला जाऊ लागले. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, खिडकीच्या चौकटीसमोर उभं धरलं आणि चौकटीत बघत राहिल्या.

"काय बघताय?" मी विचारलं.

"अक्षरं वाचता येत्यात का बघतीय. उलटी हायती, पर येत्यात."

मी तोवर काम नख फिरवून, फार तर त्यात स्वतःचा चेहरा बघून तपासायचो. वर्तमानपत्राची परीक्षा मी त्यांच्याकडून शिकलो आणि पुढं सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतःची म्हणून दाखवली.

आठ महिन्यांनी त्या परत आल्या. बरोबर तेच पोतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर रिकामं केलं. लॅकर पिवळं पडलं होतं. उन्हानं त्याला पापुद्रे सुटले होते आणि पापुद्र्यांखाली पाणी शिरून अळ्या फिरल्यासारख्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. आधीपेक्षा वाईट दिसत होतं.

"हे तुमचंच काम न्हवं?" त्यांनी विचारलं.

"माझंच."

"मग आता काय करायचं ते सांगा."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "मला आधी लाँच बघू द्या."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा उजनीच्या काठावर गेलो. लाँच फार मोठी नव्हती. चाळीसेक माणसं बसतील एवढी. कडेनं ॲल्युमिनियमचा कठडा, त्याला बावीस खांब. मी खाली वाकून एकेका खांबाचं बूड बघत गेलो आणि माझी चूक हळूहळू कळत गेली. ॲल्युमिनियम उघडं राहिलं की त्याला स्वतःची एक पातळ कातडी येते आणि तीच त्याला राखते. गुळगुळीत धातूवर मारलेलं लॅकर धड धरत नाही. त्याच्याखाली पाणी अडकलं की ती कातडीही जाते आणि धातूही. दुसरं असं की जिथं जिथं स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये घुसवले होते तिथं पांढरी पूड साठली होती. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओले राहिले की त्यातला एक दुसऱ्याला खातो. स्टील आणि ॲल्युमिनियम असेल तर जातं ते ॲल्युमिनियम.

तिसरं कारण खंडूनं स्वतःच सांगितलं.

"मी रोज घासतोय की," तो म्हणाला. "चिंच आन राखुंडी. आई पितळंला लावती तसं."

"आणि तारेचा ब्रश?"

"रविवारी."

चिंचेचा आंबटपणा ॲल्युमिनियमला सोसत नाही, आणि लोखंडी तारेचे कण धातूत रुतून बसतात, मग तेच गंजतात. मी त्याला समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी मी येवडं राबून वाटोळं केलं व्हय?" मी म्हणालो, अर्धं तू, अर्धं मी.

त्यानंतर आम्ही एक पद्धत बसवली. सगळे स्क्रू काढले, खाली नायलॉनच्या चकत्या घातल्या, दाट ग्रीस भरलं. पॉलिश नव्यानं केलं, पण लॅकर नाही. चारचाकी गाड्यांना लावतात ते मेण लावायचं, सुकलं की मऊ फडक्यानं पुसायचं, दर दोन महिन्यांनी पुन्हा. आठवड्यातून एकदा साधा साबण आणि गोडं पाणी. चिंच घरी. खंडूनं ते इतकं मनावर घेतलं की कोणी कठड्याला गुटख्याचा हात लावला तर तो लाँच चालवता चालवता वळून बघायचा.

मग दरवर्षी हिवाळा सरत आला, पाहुण्यांचा हंगाम सुरू झाला की मी दोन-तीन दिवस तिथं जाऊन राहायचो. हातातलं बफिंग मशीन, पेपर, मेण, फडकी. त्या कामात एक सुख होतं ते कबूल करतो. गाळ्यात मी दिवसभर भिंतीकडं तोंड करून उभा असायचो. इथं समोर पाणी होतं. लाँच काठाला यायला लागली की कठड्यावर ऊन पडायचं आणि पलीकडच्या काठावरनं लोक म्हणायचे, आक्काची आली. ते ऐकलं की मी उगाच मशीन पुसायला घ्यायचो.

नाव झालं तशी त्या बाजूची आणखी कामं आली. पुण्याकडचे एक गृहस्थ होते. त्यांची सुट्टीत फिरवायची छोटी शिडाची होडी होती. तिची डोलकाठी ॲल्युमिनियमची, मंद राखाडी रंगाची. त्यांना ती चकचकीत हवी होती. मी म्हणालो, हा राखाडीपणा मळ नाही. कारखान्यात विजेवर चढवलेला तो थर आहे. तो काढला तर काठी उघडी पडेल. ते म्हणाले, "मामा, तुम्ही पॉलिशवाले आहात ना?" मी हो म्हणालो. "मग करा की." मी केली. दोन पावसाळ्यांत ती काठी चट्ट्यांनी भरली, आणि ते गृहस्थ भेटतील त्याला माझं नाव सांगत राहिले, चांगल्या अर्थानं नव्हे. नाही म्हणणं हासुद्धा धंद्याचा भाग असतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं असतं तर पुढची गोष्ट घडली नसती.

नवव्या वर्षाची गोष्ट. कठड्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, शिडीजवळच्या खांबाच्या बुडाशी, वेल्डिंगच्या कडेला मला एक खड्डा दिसला. हरभऱ्याएवढा. आदल्या वर्षी तो नव्हता. तो नीट बघायचा तर खांब काढायला हवा होता, आणि खांब काढायचा तर अख्खी बाजू सोडवायला हवी होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. बाकीचे एकवीस खांब आरशासारखे झाले होते. मी डब्यातली धातूची पुट्टी काढली, खड्डा भरला, सुकू दिला, वरून पेपर मारला आणि बफ फिरवला. बोटानं चाचपलं तरी कळत नव्हतं. आक्कांनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र धरलं, आणि अक्षरं वाचता आली.

मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असं नव्हे. सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं.

दहाव्या वर्षी मी पुन्हा गेलो. वैरागच्या एका आडत व्यापाऱ्यानं आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी लाँच ठरवली होती. घरचीच पस्तीस माणसं, फोटोग्राफर, लाँचवरच जेवण. पॉलिशला दोन दिवस गेले होते, पाहुण्यांना यायला अजून तीन दिवस होते. शिडीजवळच्या त्या खांबाशी आलो, बफ फिरवला, फडक्यानं पुसलं, तर बुडाभोवती एक काळी रेघ दिसली. केसाएवढी. मला वाटलं साबणाचा मळ. रॉकेलच्या फडक्यानं पुसली, गेली. पुन्हा बफ फिरवला, पुन्हा आली. त्याच जागी, तशीच वाकडी.

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. साबणाचा काळा मळ सपाट धातूवर राहत नाही. तो आत शिरायला जागा असेल तरच राहतो. ती रेघ म्हणजे भेग होती. पुट्टीच्या एका बाजूनं निघून ती खांबाला निम्म्याहून जास्त वळसा घालून गेली होती.

मी मशीन बंद केलं. खंडू पलीकडं इंजिनाचं तेल बघत होता. आक्का काठावर चुलीशी होत्या. त्यांनी चहाला हाक मारली. मी गेलो, बसलो, चहा घेतला. त्या वैरागच्या पाहुण्यांच्या जेवणाबद्दल बोलत होत्या. भाकरी इथं करायच्या की करून आणायच्या, असं काहीतरी. मी हो-हो म्हणत होतो. मनात एकच हिशेब चालला होता. तीन दिवस हातात आहेत, भेग दिसू नये एवढं करता येईल, पाहुणे गेले की मग बघू. हे मी खोटं सांगत नाही. चहा संपेपर्यंत मी हाच विचार करत होतो. मग खंडू आला आणि त्याच कोपऱ्यात, त्याच खांबाला पाठ टेकून उभा राहिला. त्याच्यामागं पाणी होतं.

"खंडू, तिथनं बाजूला हो," मी म्हणालो.

तो हलला. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "का वो?"

"खांब चिरलाय."

"कवा?"

"गेल्या वर्षी खड्डा होता. मी भरून वर पॉलिश केलं. आता भेग गेलीय."

त्या म्हणाल्या, "गेल्या वर्साला दिसलं व्हतं तुमास्नी?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाय?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. बाकीचे खांब इतके चांगले झाले होते की मला तो एक बिघडलेला नको होता. मी तेच म्हणालो. त्या उठल्या.

"खंडू, दोर आन," त्या म्हणाल्या. "बांद त्येला. आन वड."

खंडूनं खांबाच्या डोक्याला दोर बांधला, आतल्या बाजूला उभं राहून फळीला पाय लावला आणि ओढलं. फार जोरानंही नाही. सुकी काटकी मोडावी एवढाच आवाज झाला. खांब बुडापासून निघाला आणि त्याच्याबरोबर कठड्याची दोन हात लांबी आत वाकून लोंबायला लागली. मी गुडघ्यावर बसून तुटलेला भाग बघितला. ताजं तुटलेलं ॲल्युमिनियम आतून साखरेसारखं चमकतं. इथं तसा चमकणारा भाग नखाएवढा होता. तेवढ्याच धातूवर तो खांब उभा होता. बाकी सगळं जुनं, राखाडी, पांढऱ्या पुडीनं भरलेलं. माझी पुट्टी मात्र जशीच्या तशी चिकटून होती.

आक्का वाकून ते बघत होत्या. "ह्या कोपऱ्यात पोरंसोरं हुबी ऱ्हात्यात," त्या म्हणाल्या. "पक्षी हिकडनं बरं दिसत्यात म्हनून." एवढंच. मग त्या काठावर जाऊन चुलीपाशी बसल्या. चूल विझली होती, ती त्यांनी पुन्हा पेटवली नाही.

माझ्या गाळ्याशेजारी व्यंकटेशचं वर्कशॉप होतं. आम्ही दोघं एकाच वयाचे. त्याच्या घरी तीन पिढ्या हातमागाच्या, हा मात्र लहानपणीच वेल्डिंगच्या ठिणग्यांकडं वळला. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग साधं नसतं. आर्गॉन गॅस लागतो, हात स्थिर लागतो, आणि धातू अगदी स्वच्छ लागतो. मी त्याला फोन केला. सगळं सांगितलं, पुट्टीसकट.

"किती खांब?" त्यानं विचारलं.

"एक तुटलाय. बाकीचे बघायचेत."

"बघायचेत म्हणजे? पॉलिश उतरव की सगळ्यांचं. चकाकीत मला काय दिसणार?"

म्हणून मग मी बावीस खांबांच्या बुडाचं, दोन दिवस खपून केलेलं पॉलिश जाड पेपरानं उतरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी चकचकीत वस्तू मुद्दाम मंद करत होतो. खंडू माझ्या मागोमाग प्रत्येक बुडाला बफच्या साबणाचा काळा मळ चोळायचा आणि पुसायचा. जिथं रेघ राहील तिथं खडूची खूण. आणखी तीन खांबांवर खूण पडली. त्या भेगा मी बुजवलेल्या नव्हत्या, मला त्या दिसल्याच नव्हत्या. यात समाधान मानावं की लाज, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेवढा कठडा सोडवून टेम्पोत घातला आणि सोलापूरला आणला. व्यंकटेशनं चारही खांबांची बुडं कापून काढली, जाड पत्र्याच्या नव्या चकत्या घातल्या आणि वेल्ड केलं. काम संपल्यावर हेल्मेट वर करून तो म्हणाला, "ह्याच्यावर बफ फिरवू नको. वेल्डिंगचा जोड दिसू दे. उद्या पुन्हा चिरला तर कोणाला तरी दिसेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी कठडा बसला. अठरा खांब अर्धे चकचकीत, अर्धे घासलेले. चार खांब अगदी कोरे, बुडाशी वेल्डिंगच्या जाड वळ्या. मेण लावायलाही वेळ नव्हता. वैरागचे व्यापारी घरच्या माणसांच्या आधी येऊन पोहोचले, त्यांनी लाँच बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आक्का, हे काय? तुमची लाँच आरशासारखी असते म्हणून आम्ही एवढ्या लांब आलो. फोटोत दिसेल की हे."

"दिसू द्या," आक्का म्हणाल्या.

"अहो, पण कारण काय?"

मी तिथंच उभा होतो. आक्कांनी माझ्याकडं बघितलं नाही. "दुरुस्ती केलीय," त्या म्हणाल्या. "कठडा आता मजबूत हाय. पॉलिश मागनं हुईल. बसायचं आसंल तर बसा."

ते बसले. मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण काठावर थांबणं जमलं नसतं. पाण्यात मध्यावर गेल्यावर पक्षी दिसले त्या कडेला सगळे धावले. व्यापाऱ्याचे वडील ऐंशीच्या घरातले, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. ते हळूहळू चालत नेमके शिडीजवळच्या कोपऱ्यात आले, नव्या खांबाला दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा भार त्याच्यावर टाकून पुढं वाकले. त्यांची बायको मागनं म्हणाली, "पडाल की." ते म्हणाले, "कुटं पडतोय. धरलंय की."

त्या दिवशी किती पक्षी होते, मला सांगता येणार नाही. मी तासभर त्या म्हाताऱ्याचे हात बघत होतो. फोटोग्राफरनं तिथंच त्या दोघांचा फोटो काढला. वेल्डिंगच्या वळ्या त्यात आल्या असणार.

पाहुणे गेल्यावर मी सामान आवरायला लागलो. पुढच्या वर्षी आपल्याला बोलावणं नसणार, हे मी धरून चाललो होतो. आक्का आल्या आणि बाकावर बसल्या.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "आजून कुटं झाकलंय का?"

"लाँचवर न्हाय," मी म्हणालो.

त्या हुशार बाई. "लाँचवर न्हाय," एवढंच त्यांनी माझ्यामागं म्हटलं. मग म्हणाल्या, "मग जावा की. सांगून या. आन पुडच्या वर्साला कामाला या."

पुढच्या वर्षी गेलो. तेव्हाची अट अशी होती की पॉलिश करण्याआधी प्रत्येक बूड उघडं करून आक्कांना दाखवायचं. त्या एकेका खांबाला बोट लावत फिरायच्या आणि मग म्हणायच्या, करा. ते माझं लाँचवरचं शेवटचं वर्ष. हाताला कंप यायला लागला, आणि फिरता बफ कंप पावणाऱ्या हातात धरत नाहीत. आता ते काम खंडू करतो. माझ्याएवढी चकाकी त्याला येत नाही, पण खांब तो माझ्यापेक्षा नीट बघतो.

आक्का म्हणाल्या होत्या तसा मी त्या दहाव्या वर्षीच, सोलापूरला आल्यावर पुढच्याच आठवड्यात, लोकांना सांगायला निघालो. इतक्या वर्षांत पुट्टी भरून वर पॉलिश केलेल्या वस्तू मी किती केल्या, सगळ्या आठवत नाहीत. बऱ्याच नुसत्या शोभेच्या होत्या, त्या सोडून दिल्या. ज्यांच्यावर कोणाचा तरी भार पडतो अशा दोन आठवल्या. एक होता एका दवाखान्याच्या पायऱ्यांचा कठडा. तिथल्या कंपाउंडरला मी सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग मी दाखवल्यावर हसायचा थांबला. व्यंकटेशनं ते नीट करून दिलं.

दुसरी होती कुंभारीच्या रस्त्यावरच्या एका माणसाची खाजगी बस. दारातून वर चढताना धरायचा दांडा, त्याचा वरचा जोड तडकलेला होता. बस नवीन दिसावी म्हणून तो घाईत माझ्याकडं आला होता आणि मी तो तडा घाईतच बुजवला होता. त्याच्या घरी गेलो. त्यानं ओळखलं, बसायला खुर्ची दिली.

"ती गाडी व्हय?" तो म्हणाला. "ती इकली की मी. लई दिवस झालं."

"कोणाला?"

"अक्कलकोटच्या एकाला. त्यानं पुढं कर्नाटकात दिली म्हनं."

मी अक्कलकोटला गेलो. तो माणूस सापडला. अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत त्यानं मला गाडी घेणाऱ्याचा फोन नंबर दिला. तो नंबर बंद होता. पुन्हा दोनदा लावून बघितला. त्याच्यापुढं काय करायचं ते मला सुचलं नाही आणि मी घरी आलो.

आता मी घरीच असतो. कधी कामानं स्टँडवर गेलो आणि बाजूला एखादी खाजगी बस उभी दिसली की मी तिच्या दाराशी जातो. दांडा मळलेला, काळा असेल तर तसाच पुढं निघतो. चकचकीत असला तर थांबतो, आणि वरच्या जोडावरून बोट फिरवून बघतो. ड्रायव्हर विचारतात, "मामा, कुठं जायचंय?" मी म्हणतो, कुठं नाही.